प्रौढांचा इंग्रजी वर्ग सुरू करण्याआधी

नव्या देशात राहायला आलेल्या मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग काढायचा असेल, तर पुस्तकं घ्यायची घाई करू नका. आधी येणारी माणसं ओळखा. नावनोंदणीच्या वेळी प्रत्येकाशी वेगळं बसून दहा-पंधरा मिनिटं बोलता येईल अशी सोय करा. आधी गप्पा, मग वाचायला चार ओळी, शेवटी नाव-पत्ता-जन्मतारखेचा साधा अर्ज. हा क्रम पाळाच, कारण कागद आधी पुढे केला की ज्याला लिहिता येत नाही तो तिथेच गप्प होतो.

बोलण्याची आणि लिहिण्या-वाचण्याची पातळी वेगवेगळी नोंदवा. माझ्या मते सगळ्या तयारीत हेच सर्वांत महत्त्वाचं. बांधकामावर वर्षानुवर्षं राबलेला माणूस धडाधड बोलतो, पण पगाराची स्लिप त्याला वाचता येत नाही. मायदेशी पदवी घेतलेली बाई वर्तमानपत्र वाचते आणि फोन वाजला की घाबरते. दोघांवर ‘मध्यम’ असा शिक्का मारून एकाच बाकावर बसवलं, तर दोघंही काही दिवसांत यायचे बंद होतात. भाषा किती येते हे मोजायला युरोप परिषदेने २००१ मध्ये मांडलेल्या ए१ (अगदी नवखा) ते सी२ (पारंगत) या सहा पायऱ्या हाताशी असू द्या. कॅनडातल्या बारा पायऱ्यांच्या मापदंडात ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं यांची पातळी स्वतंत्रपणे ठरवतात; तसाच चार रकान्यांचा तक्ता करा.

स्वतःच्या भाषेत वाचता येतं का, हेही विचारा. अरबी वाचणाऱ्याला नवी अक्षरं आणि डावीकडून उजवीकडे जायची सवय लागली की पुढची वाट मोकळी होते. जो शाळेतच गेला नाही, त्याची सुरुवात पेन धरण्यापासून. त्याच्यासाठी वेगळा गट हवा, आणि तिथे कोणतीही घाई नको.

साहित्यात लहान मुलांची पुस्तकं अजिबात नकोत. संसार सांभाळणाऱ्या माणसाला कार्टूनमधलं सफरचंद दाखवणं हा त्याचा अपमान आहे. खरे कागद जमवा: विजेचं बिल, भाडेकरार, शाळेची सूचना, दवाखान्याचं पत्र. त्यांवरची नावं आणि नंबर झाकून मोठ्या अक्षरात प्रती काढा. वर्गात पातळ्या मिसळलेल्या असतील तर एकच कागद सगळ्यांना पुरतो. दवाखान्याच्या पत्रातली तारीख आणि वेळ नवख्यांनी शोधायची. त्यांच्या पुढच्यांनी फोन करून वेळ बदलून मागायची. चांगलं येणाऱ्यांनी भेट का चुकली ते लिहून कळवायचं. फोनचा सराव करताना एकमेकांकडे पाठ करून बसवा. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांतला घोळ तेव्हाच बाहेर येतो, आणि तो तारखांमध्ये फार महागात पडतो. स्वतःच्या नावाचं स्पेलिंग सांगायचा सरावही याच बैठकीत उरका.

वर्गाची वेळ कामाच्या पाळ्या आणि मुलांच्या शाळा विचारूनच ठरवा. दांड्या होणारच, म्हणून प्रत्येक धडा त्याच दिवशी पुरा होईल असा आखा.

पहिल्या दिवशी ‘तुमच्या कुटुंबाबद्दल सांगा’ किंवा ‘देश का सोडला?’ हे प्रश्न टाळा. युद्धातून, छळातून आलेल्या माणसाला ते सहन होत नाहीत. त्याऐवजी प्रत्येकाचं नाव त्याच्याच तोंडून ऐका, नीट म्हणायला शिका आणि हजेरीत तसंच देवनागरीत लिहून ठेवा.