टॉवेल कमरेला बांधायचा कसा

आपल्याकडे लग्नात टोपी-टॉवेलचा मान असतो, नंदुरबारकडे जा, धुळ्याकडे जा, जळगावकडे जा, माईकवरून नाव पुकारतात, पाहुणा पुढे येतो, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ आणि एक फोटो. ज्याचं नाव पुकारायचं राहून गेलं तो पंगतीला न बसता निघून जातो आणि मग दोन दोन वर्ष त्या घराशी बोलणं बंद. आपल्या ख्रिस्ती घरातली लग्नं पण अशीच, आणि खरं सांगायचं तर हा रुसवा आता मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, पण शिरलाय. कन्व्हेन्शनच्या फ्लेक्सवर कोणाचा फोटो मोठा, नाताळच्या कार्यक्रमात स्टेजवर खुर्ची कोणाला, प्रार्थना कोण करणार आणि नुसते आभार कोण मानणार. मी आठ वर्ष मंडळीचा पंच, म्हणजे कारभार बघणाऱ्यांपैकी एक, होतो, हे सगळं जवळून पाहिलंय आणि स्वतः केलंय पण.

म्हणून हे लिहितोय. नम्र व्हा, नम्र व्हा हे पुलपिटवरून आपण लहानपणापासून ऐकतो, पण व्हायचं कसं, सोमवारी सकाळी उठून नेमकं करायचं काय, हे कोणी धड सांगत नाही. मला जेवढं कळलं, बरंचसं उशिरा कळलं, ते सांगतो.

आधी प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले ती रात्र नीट डोळ्यासमोर आणा. बायबलमधले योहान १३ आणि लूक २२ हे अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचा, म्हणजे खरी गोष्ट लक्षात येते. लूक सांगतो की त्या शेवटच्या जेवणाला शिष्यांचा वाद चालला होता की आपल्यात मोठा कोण. त्याच्या आधी जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागून झालेले, मत्तय तर म्हणतो की त्यांची आईच शब्द टाकायला आली होती. आता ते पाय बघा, धुळीच्या रस्त्याने चालून आलेले, आपल्या एप्रिल-मेच्या धुळीसारखेच, आणि त्या काळी पाय धुणं म्हणजे घरातल्या सगळ्यात खालच्या नोकराचं काम. मला वाटतं कोणी उठलं नाही ते यामुळेच, जो उठेल तो लहान ठरेल. आणि तेव्हा प्रभू उठला, वरचे कपडे काढून ठेवले, रुमाल कमरेला बांधला (बायबलमध्ये रुमाल म्हटलंय, आपला टॉवेलच समजा) आणि गंगाळात पाणी ओतलं. यहूदाचे पाय पण धुतले, हा आपल्याला धरून देणार हे माहीत असताना. आपण टॉवेल खांद्यावर घेतो, त्याने कमरेला बांधला, मला तर हे एवढं एकच चित्र पुरतं.

आणि अजून एक, हे जगाला तेव्हा नवीन होतं. ग्रीक भाषेत नम्र या अर्थाचा जो शब्द प्रेषित पौल बायबलमधल्या आपल्या पत्रांत वापरतो तो आधी बहुतेक हलक्या, दबलेल्या माणसासाठी वापरायचे, कोणी त्याला गुण मानत नव्हतं. फिलिप्पै हे रोमन वसाहतीचं शहर, तिथल्या लोकांना आपल्या रोमन असण्याचा केवढा अभिमान, आणि त्यांना पौल लिहितो की देवाच्या स्वरूपाचा असून ख्रिस्ताने स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं, वधस्तंभावरचं मरण सोसलं. वधस्तंभ तेव्हा गुलामांना आणि बंडखोरांना द्यायचे. म्हणजे ख्रिस्ती माणसाला नम्रता ही वागण्याची सभ्य पद्धत म्हणून मिळालेली नाही, देव कसा आहे तेच त्यात दिसतं.

आता करायचं काय. मन नम्र होईल मग हात कामाला लागतील, याची वाट बघू नका. माझा अनुभव उलटा आहे, आधी हात वाकतात मग हळूहळू मन वाकतं. एक काम निवडा जे कोणालाच दिसत नाही आणि ज्याचे आभार मानले जात नाहीत. नाताळच्या जेवणानंतरची पातेली घ्या. आमच्याकडे वरण-बट्टीचा बेत असतो, दोनशे-अडीचशे माणूस जेवतं, आणि वरणाचं ते मोठं पातेलं बुडाला लागलेलं असतं, ते घासायला माणूस त्याच्यात कमरेपर्यंत वाकावा लागतो. हे काम आमच्या मंडळीत वर्षानुवर्षं एक आजी करायच्या, राख आणि नारळाची शेंडी घेऊन. कोणी पोरगी मदतीला आली की म्हणायच्या, ऱ्हाऊ दे बेटा, मी करस. त्या गेल्या त्याच्या पुढच्या नाताळला ते पातेलं तीन दिवस तसंच पडून होतं आणि तेव्हा आम्हा पंच लोकांना कळलं की हे काम कोणीतरी करत होतं. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठासाठी जे नियम लिहिले त्यात नम्रतेच्या १२ पायऱ्या सांगितल्यात, पण मला त्याहून जास्त आवडतं ते हे की मठातली भांडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी समजा असं तो म्हणतो, आणि स्वयंपाकघराची आठवड्याची पाळी संपवणारा आणि नवीन पाळी घेणारा, दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. म्हणजे भांडी आणि पाय एकाच यादीत. एक पथ्य मात्र पाळा, असं काम केलं तर फोटो नको, स्टेटस नको, घरी बायकोला पण सांगायचं नाही, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका असं प्रभूनेच म्हटलंय. पहिल्या दोन-तीन वेळा फार जड जातं, कोणी बघितलं का असं मन सारखं विचारतं, विचारू द्या.

याच्यापेक्षा अवघड गोष्ट म्हणजे दुसऱ्याकडून घेणं, आणि हे मी कुठल्या प्रवचनात ऐकलेलं नव्हतं.

तीन वर्षापूर्वी ऐन मिरची तोडणीच्या वेळी मी मोटारसायकलवरून पडलो आणि पाय मोडला, दीड महिना प्लास्टर. लाल मिरची झाडावर थांबत नाही, मजूर मिळत नव्हते. एका सकाळी मंडळीतली तीन पोरं दारात येऊन उभी राहिली, काका आम्ही तोडतो. त्यात एक तो होता ज्याला मी दोन महिन्यांपूर्वीच भर उपासनेत सगळ्यांसमोर बोललो होतो, कीबोर्डचा आवाज जास्त ठेवला म्हणून, आणि नंतर तो यायचाच बंद झाला होता. मी खाटेवरूनच म्हटलं, नको, मी मजूर लावीन, पैसे देऊन करून घेईन. माझी आई आतून म्हणाली, येऊ दे त्यासले. चार दिवस ती पोरं वावरात होती. संध्याकाळी तो पोरगा अंगणात हात धूत बसायचा, मिरचीने बोटं लाल झालेली, आग जात नाही म्हणून आई त्याच्या हातावर ताक ओतायची आणि तो हात झटकत हसायचा, आणि मी तिकडे बघू शकत नव्हतो. त्या रात्री शिष्य पेत्र म्हणतो ना, प्रभू तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत, मला ते वाक्य इतकी वर्ष नम्रतेचं वाटायचं. त्या चार दिवसात कळलं की ते अभिमानाचं आहे. मी देणारा, मी करणारा, माझ्यावर कोणाचे उपकार नकोत. प्रभू त्याला स्पष्ट सांगतो, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. तेव्हा कोणी मदत घेऊन आलं तर घ्या, लगेच दुप्पट करून फेडायच्या मागे लागू नका, नुसतं देवाची स्तुती असो म्हणा आणि घ्या.

मग त्या पोराची माफी मागायची होती, आणि इथे मी पहिल्यांदा चुकलो. मी म्हटलं, बाळा, तेव्हा काही चुकलं असेल तर माफ कर. तो हो काका म्हणाला आणि गप्प. हे 'असेल तर' फार वाईट आहे, आपण सगळे वापरतो, उपवास-प्रार्थनेत, प्रभूभोजनाच्या आधी, घरात पण. 'असेल तर' म्हणजे चुकलं की नाही ते अजून ठरलेलं नाही, तुला लागलं असेल तर तो तुझा स्वभाव. आठवड्याने परत बोलावलं आणि म्हटलं, मी तुला सगळ्यांसमोर बोललो, ते चुकलं. याच्या पुढे 'पण' लावला नाही, की पण आवाज खरंच जास्त होता. आणि सगळ्यांसमोर बोललो होतो म्हणून पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी, म्हणजे उपासनेत ज्याला त्याला आपला अनुभव सांगायचा असतो तेव्हा, सगळ्यांसमोर परत म्हटलं. माफी मागायची पद्धत एवढीच: काय केलं ते नाव घेऊन सांगा, 'असेल तर' काढा, 'पण' काढा, आणि जिथे अपमान केला तिथेच मागा.

एक सावध पण करायचंय, कारण नम्रतेच्या नावाने आपल्याकडे खूप लोकांना दाबलं जातं. सुनेला सांगतात नम्र राहा, सालदाराला सांगतात, नवापूर-चिंचपाड्याकडच्या आपल्या आदिवासी भावांना तर पिढ्यान् पिढ्या साहेबासमोर आणि सावकारासमोर वाकायलाच शिकवलं. हे ख्रिस्ताचं नाही. योहान १३ मध्ये पाय धुण्याच्या आधीच लिहिलंय की पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय हे त्याला माहीत होतं, म्हणजे तो कोण आहे हे माहीत असून वाकला, कोणी वाकवला म्हणून नाही. आणि त्याच रात्री पुढे मुख्य याजकासमोर शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा तो खाली मान घालून बसला नाही, विचारलं, मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस. तेव्हा कोणी तुम्हाला दाबत असेल, मारत असेल, तर त्याला नम्रता म्हणून सहन करा असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका. वाकायचं काम वरच्याचं आहे. २८ मार्च २०१३ ला, पोप होऊन पंधरा दिवस झालेले असताना, पोप फ्रान्सिस रोममधल्या मुलांच्या तुरुंगात गेले आणि १२ कैदी पोरापोरींचे पाय धुतले, त्यात मुस्लिम पण होते. खुर्ची सगळ्यात मोठी आणि गुडघे जमिनीवर.

तसंच सारखं मी कोण, मी काहीच नाही, मी तर पायाची धूळ, असं म्हणत राहणं पण नको, त्यात मी हा शब्द किती वेळा आला ते मोजा. त्यापेक्षा दुसऱ्याचं चांगलं मोठ्याने बोला, खासकरून लहानाचं. १९०७ साली जळगावला कवी संमेलन भरलं होतं, तिथे आपल्या धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा त्र्यंबक ठोंबरे कविता म्हणून गेला आणि बालकवी झाला. रेव्हरंड ना. वा. टिळक तेव्हा केवढे नावाजलेले कवी, पण त्यांनी त्या पोराला जवळ केलं, पुढे तो नगरला त्यांच्या घरी राहिला, लक्ष्मीबाईंनी मुलासारखं सांभाळलं. टिळकांच्याच घरात त्यांच्यापेक्षा गोड निसर्गकविता लिहिणारा वाढला आणि त्यांना त्याचा आनंदच झाला. तुमच्या मंडळीत असं एखादं पोर असेल, तुमच्यापेक्षा चांगलं गाणारं, चांगला संदेश देणारं, त्याला माईक द्या आणि बाजूला बसून नीट ऐका, त्याचं झाल्यावर उठून दोन शब्द वरून जोडू नका. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने येशूबद्दल म्हटलं होतं, तो वाढावा आणि मी कमी व्हावं, आणि तेव्हा त्याचे शिष्य तक्रार करत होते की सगळे लोक तिकडेच चाललेत.

लग्नाला गेलात तर लूक १४ प्रमाणे मागे बसा, पण कोणीतरी पुढे बोलावेल म्हणून दाराकडे बघत बसू नका, शेजारी जो बसलाय त्याच्याशी बोला, त्याचं वावर, पाऊस, पोरांच्या परीक्षा.

प्रार्थना छोटी ठेवा. प्रभूने सांगितलेल्या गोष्टीत परुशाची, म्हणजे कडक धर्म पाळणाऱ्याची, लांब होती, त्यात उपवास किती, दशांश किती सगळा हिशोब, आणि जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजायचे तो कर गोळा करणारा, लांब उभा राहून छाती बडवत एवढंच म्हणाला, हे देवा, मज पाप्यावर दया कर. मी रात्री दिवा बंद केल्यावर तेवढंच म्हणतो आणि त्या दिवशी ज्याच्याशी वाकडं बोललो त्याचं नाव घेतो. नाव आलं की सकाळी फोन करावा लागतो, त्यामुळे कधीकधी घ्यायला नको वाटतं, तरी घेतो.

या रविवारपासून सुरू करायचं असेल तर उपासना संपल्यावर दहा मिनिटं थांबा. आमच्याकडे सतरंज्या अजून त्या जुन्याच आहेत, वीस-वीस फुटाच्या, एकट्याला घडी घालता येत नाही. तो कीबोर्डवाला पोरगा एक टोक धरून उभा असतो, दुसरं मी धरतो.