पावसाळ्यात एअर रायफल कशी सांभाळायची

आधी एक गोष्ट, हातात घेतली की बोल्ट (गोळी भरायची खिट्टी) उघडून आत पेलेट, म्हणजे छोटी गोळी, नाहीये ना ते डोळ्यांनी बघायचं आणि नळी कायम सेफ दिशेला, साफ करतानासुद्धा.

१० मीटरवरच्या नेमबाजीच्या ४.५ मिमीच्या पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) रायफलला रोज घासायची अजिबात गरज नसते, उलट लोखंडी रॉड घालून लोक बॅरलची, म्हणजे नळीची, वाट लावतात. पेलेटच्या मापाचे फेल्टचे (नमद्याचे) तुकडे मिळतात ते पेलेटसारखे भरून दोनतीन झाडा, नळी साफ झाली. आणि प्लीज, शिलाई मशीनचं तेल किंवा डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा स्प्रे) हवेच्या भागात घालू नका, दाबाखाली तेल पेट घेऊ शकतं आणि सील जातात ते वेगळंच.

गंजाचा खरा त्रास जून ते सप्टेंबर, कोकणात मुंबईत तर विचारूच नका. रेंजवरून आलं की घाम पुसा, बाहेरच्या लोखंडाला तेलाचा पातळ हात फिरवा आणि फोमच्या केसमध्ये ओली कोंबू नका, फोम ओल धरून ठेवतो. केसमध्ये सिलिका जेल (ओल शोषणाऱ्या पुड्या) ठेवा, कुलूप लावा. हवेच्या सिलिंडरवरची बनवल्याची तारीख बघा, १० वर्षांनंतर तो वापरायचा नाही. पेलेट शिशाचे असतात, पांढरी पावडर धरली तर सरळ बाद करा आणि खायच्या आधी हात साबणाने धुवा, पोरांचे तर नक्कीच.