नवीन देशात आलेल्या निर्वासित कुटुंबाला मदत करायचीय? मग हे वाचा

एकट्याने सगळं अंगावर घेऊ नका, चारपाच जण गोळा करा आणि कामं वाटून घ्या. कॅनडात लोक गट करून निर्वासित कुटुंबाला स्पॉन्सर करतात, त्यात साधारण 12 महिने घरखर्च आणि बाकीचा आधार द्यायचा असतो, एकट्याच्या आवाक्यातलं काम नाहीच ते.

पहिल्या आठवड्यात फार काही शिकवत बसू नका हो, माणसं थकलेली असतात. सिम कार्ड, बस कशी पकडायची, इमर्जन्सी नंबर, बास. मग बँक खातं, डॉक्टर, मुलांची शाळा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो सरकारी पत्रांचा. पत्र आलं की त्यांच्यासोबत बसून वाचा, तारीख कॅलेंडरवर टाका, पण फोन त्यांनाच करू द्या, तुम्ही शेजारी बसा, नाहीतर वर्षभराने पण ते तुमच्यावरच अवलंबून राहतील आणि तुम्हीही वैतागाल. ओरिजिनल कागद स्वतःकडे ठेवायचे नाहीत. आश्रयाच्या केसबद्दल, म्हणजे त्या देशात आसरा मिळावा म्हणून केलेल्या अर्जाबद्दल, सल्ला तर अजिबात देऊ नका, ते वकिलाचं काम.

दवाखान्यात मुलांना दुभाषी बनवू नका प्लीज, आईचं दुखणं दहा वर्षांच्या पोराने का सांगायचं? दुभाषी मागून घ्या, बऱ्याच ठिकाणी मिळतो.

फोटो विचारल्याशिवाय टाकू नका, मागे राहिलेल्या नातेवाईकांना त्रास होऊ शकतो. आणि युद्धाबद्दल खोदून विचारू नका, सांगायचं असेल तेव्हा सांगतील.