सोलापुरात बाग करणार असाल तर आधी वाफसा ओळखायला शिका

नोकरीच्या निमित्ताने कोकणातून इथे येणाऱ्यांपैकी बरेच जण केगाव, बाळे किंवा तुळजापूर रस्त्याकडे थोडी जागा बघतात आणि पहिल्याच चैत्रात खुरपं हातात घेतात. मीही तिकडचाच, आता पुरता इथला झालोय. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो: वळीव पडून गेला की लगेच रानात पाय घालू नका, वाफसा येईपर्यंत, म्हणजे चिखल जाऊन माती कामाजोगी ओलसर राहीपर्यंत थांबा.

आपल्या जांभ्या मातीत पाणी भराभर निथळून जातं. इथल्या काळ्या रानात ते धरून ठेवलं जातं. ही माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते आणि पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात. ओली असताना तिच्यात वावरलात तर ती दाबली जाते, मुळांची हवा तुटते, आणि मग उन्हात अशी ढेकळं होतात की कुदळ वाजते.

वाफसा आलाय का ते बघायला चार बोटं खालची माती मुठीत दाबा. बोटांना चिकटली तर थांबा. गोळा झाला आणि अंगठ्याने ढकलताच फुटला, तर कामाला लागा. मुरमाड जागेत दुसऱ्या दिवशीही हे जमतं, खोल काळीत तीन-चार दिवस जातात. शेजारी जुना शेतकरी असेल तर त्याला विचारा. कानडी वळणाच्या मराठीत का होईना, तो अचूक सांगेल. मात्र वाफसा आल्यावर एक दिवसही दवडू नका. वरची पपडी खुरप्याने मोडली की भेगा कमी पडतात आणि ओल टिकते. त्यावर उसाचं पाचट अंथरा, पण खोडाला टेकवू नका, वाळवी लागते.

भाजीसाठी वीतभर उंच गादीवाफे करा आणि उताराकडे चर काढा. उन्हाळ्यात पाणी धरण्यासाठी केलेलं खोलगट आळं वळवात डबकं होतं, त्यामुळे खोडालगत मातीची भर हवीच.

फणस, सुपारी, कोकम यांची रोपं गावाहून आणू नका. मन ओढतं हे मला माहीत आहे, पण या कोरड्या हवेत झाडाचे हाल होतात. शेवगा, सीताफळ, बोर, चिंच, कढीपत्ता इथे आनंदाने वाढतात. जास्वंदीची किंवा लिंबाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर बहुधा चुनखडीमुळे झाडाला लोह मिळत नसतं. 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा.

डाळिंब लावाल तर पावसाळी हवेत तेल्याकडे डोळ्यांत तेल घालून बघा. हा जिवाणूजन्य रोग आहे. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर आणि कात्रीवरूनही तो पसरतो. झाड ओलं असताना छाटणी नको, डागाळलेली फळं बागेत पडू देऊ नका. केगावला 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, रोपं घेण्याआधी तिथे चौकशी करा.

ढग गडगडायला लागले की काम तिथेच टाकून पक्क्या घरात जा, झाडाखाली थांबू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये ठेवा, ते विजेचा इशारा देतं.

आणि वळीव पडला म्हणजे पावसाळा आला असं धरून एप्रिलमध्ये रोपं लावू नका, पुढे 40 अंशांच्या वर जाणारा मे महिना आहे. या ओलीचा खरा उपयोग खड्डे घ्यायला. एरवी दगडासारखं लागणारं रान वाफशावर सहज खणलं जातं. दोन फुटी खड्डा घ्या, उन्हात तापू द्या, मग गाळाची पोयटा माती, कुजलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड घालून भरा. लागवड जून-जुलैत, पावसाने जमीन चांगली भिजल्यावर. इथे पावसाचा खरा जोर सप्टेंबरात असतो, मधल्या उघडिपीत नव्या रोपाला पाणी तुम्हालाच घालावं लागेल. तेवढ्या पाण्याची सोय असेल तेवढीच झाडं लावा.