आई-वडिलांचं स्वतंत्र घर असलेलं टाऊनहाऊस कसं बघावं

टाऊनहाऊस म्हणजे एका ओळीत, भिंतीला भिंत लावून बांधलेली दोन-तीन मजली घरं. अशा काही नव्या घरांत तळमजल्यावर किंवा मागच्या बाजूला आई-वडिलांसाठी, सासू-सासऱ्यांसाठी छोटं वेगळं घर काढलेलं असतं. त्याला स्वतःचं दार, स्वतःचं स्वयंपाकघर आणि बाथरूम असतं. बघायला गेलं की बहुतेकांचा वेळ वरच्या प्रशस्त हॉलमध्ये, गच्चीत आणि चकचकीत ओट्यापाशी जातो, आणि खालचं घर निघता निघता दोन मिनिटांत उरकलं जातं. तुम्ही हा क्रम उलटा करा. आधी खालचं घर बघा, ते मनासारखं वाटलं तरच वर जा. वरच्या मजल्यावर काही खटकलं तर तरुण माणसं निभावून नेतात. खालच्या घरातली उणीव मात्र सत्तरी ओलांडलेल्या माणसाला रोज सोसावी लागते.

जाण्यापूर्वी

मोजमापांसह नकाशा आधी मागवून घ्या. बरोबर टेप, वही आणि टॉर्च ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्यांना तिथं राहायचं आहे त्यांना घेऊन जा. त्यांना येणं शक्य नसेल, तर त्यांच्याशी बसून त्यांचा दिवस लिहून काढा. सकाळी किती वाजता उठतात, रात्री किती वेळा उठावं लागतं, औषधं कुठं ठेवतात, दुपारी कुठं पडतात, कोण भेटायला येतं, हे सगळं लिहा. घर बघताना हा कागद नकाशापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

त्यांच्या दारातून आत जा

एजंट मुख्य दारातून आत नेईल. त्याला थांबवा आणि गाडीतून उतरून थेट खालच्या घराच्या दाराशी चालत जा. हातात सामानाची पिशवी असू द्या. वाटेत किती पायऱ्या लागतात, कठडा एकाच बाजूला आहे की दोन्हीकडे, फरशी ओली झाली तर घसरेल का, दारावर छप्पर आहे की कुलूप काढेपर्यंत पावसात उभं राहावं लागेल, हे बघा. आज पायऱ्या चालतात, उद्या चालतीलच असं नाही, म्हणून उतारासाठी जागा आहे का तेही पाहून ठेवा. व्हीलचेअरच्या उताराचं सर्वमान्य प्रमाण 1:12 आहे. म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी लागते. दारापुढे सहा इंचांची एकच पायरी असली तरी सहा फूट मोकळी जागा हवी, आणि ओळीतल्या घरांच्या चिंचोळ्या अंगणात नेमकी तीच नसते.

दार रस्त्यावरून दिसतं का, त्यावर वेगळा क्रमांक आणि वेगळी बेल आहे का? मागच्या बोळातून जावं लागत असेल तर रात्री अॅम्ब्युलन्सच्या माणसांना ते सापडेल का, आणि त्या वळणावर स्ट्रेचर वळेल का? हे तिथं उभं राहूनच ठरवा, नकाशावर कळत नाही.

आत आल्यावर टेप काढा

दार उघडल्यावर मधली मोकळी जागा किमान 32 इंच हवी. चौकटीची रुंदी सांगितली जाते, पण दाराची फळी आणि बिजागर त्यातली थोडी जागा खातात, म्हणून स्वतः मोजा. पॅसेज 36 इंच हवा. व्हीलचेअर जागच्या जागी फिरवायला पाच फूट व्यासाचं मोकळं वर्तुळ लागतं. झोपायच्या खोलीत पलंग मांडल्यावर तेवढी जागा उरते का, याचा अंदाज जमिनीवर टेप पसरूनच येतो. नमुन्याच्या सजवलेल्या घरात पलंग आणि कपाटं लहान मापाची ठेवलेली असू शकतात, तेव्हा आपल्या घरातल्या पलंगाचं माप लिहूनच न्या.

मग दिवे बघा. साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. तुम्हाला पुरेसा वाटणारा उजेड आईला अंधुक वाटतो तो त्यामुळेच. पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर दिवा आहे का, त्याचं बटण झोपल्या जागेवरून हाताला लागतं का, ते करून बघा. खोल्यांमध्ये अर्ध्या इंचाहून उंच उंबरठा किंवा फरशीची पातळी बदललेली असेल तर तशी नोंद करा, कारण ठेच लागते ती अशाच ठिकाणी.

बाथरूममध्ये पुरेसा वेळ काढा

माझ्या मते हे घर घ्यावं की नाही याचा निम्मा निकाल बाथरूममध्येच लागतो. आत जाऊन दार लावा. ते आत उघडत असेल तर एक धोका लक्षात घ्या: कुणी आत पडलं तर त्याच्याच शरीराने दार अडतं आणि बाहेरच्याला ते ढकलता येत नाही. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असावं, आणि कडी बाहेरूनही काढता यावी.

आता कमोडवर बसा आणि हाताचा आधार न घेता उठा. मग पुन्हा बसा आणि या वेळी आधार घेऊन उठा. तुमचा हात आपोआप जिथं गेला, तिथं काय आहे ते बघा. बऱ्याचदा तो टॉवेलच्या दांडीवर किंवा बेसिनच्या कडेवर जातो, आणि या दोन्ही वस्तू माणसाचं वजन पेलायला बसवलेल्या नसतात. तिथंच आधाराची दांडी हवी, जमिनीपासून 33 ते 36 इंचांवर. त्या ठिकाणच्या भिंतीवर बोटांनी टकटक करा. पोकळ आवाज आला तर विचारा की टाइलच्या मागे लाकडी फळी किंवा पक्का आधार घातला आहे का. पोकळ पार्टिशनला साध्या स्क्रूने लावलेली दांडी नेमक्या वेळी भिंतीतून उपटून येते. बांधकाम चालू असेल तर ही फळी आताच बसवून घ्या, नंतर त्यासाठी टाइल फोडाव्या लागतील. कमोडच्या सीटची उंची 17 ते 19 इंच असेल तर गुडघेदुखीवाल्यांना उठणं सोपं जातं.

शॉवरची जागा बाकीच्या फरशीच्या पातळीत असावी, मध्ये ओलांडायचा कठडा नसावा. थोडं पाणी ओतून ते जाळीकडे जातं की दाराकडे येतं, ते बघा. गरम पाण्याचा नळ सोडून ते किती तापतं तेही पाहा. 60 अंश सेल्सिअसचं पाणी पाचेक सेकंदांत गंभीर भाजू शकतं, 49 अंशांना त्याला काही मिनिटं लागतात. वयस्कर त्वचा पातळ असते आणि चटका उशिरा जाणवतो, म्हणून शॉवरला तापमान आवरणारा व्हॉल्व्ह आहे का, हे विचाराच.

स्वयंपाकघर

इथं एकच गोष्ट ठरवायची: रोजचा स्वयंपाक होईल की फक्त चहा? शेगडीला जागा, ओट्यावर दोन ताटं मांडण्याइतकी मोकळी जागा आणि हवा खरोखर बाहेर टाकणारा एक्झॉस्ट हवा. हवा फिरवून परत आतच सोडणारा पंखा छोट्या घरात फार उपयोगाचा नाही. वॉशिंग मशीन कुठं आहे तेही बघा. ते फक्त वरच्या घरात असेल, तर दर धुण्याला कुणीतरी जिना चढणार.

आवाजाची चाचणी

यासाठी दोघंजण लागतात. एकाने खालच्या बेडरूममध्ये दार लावून गप्प बसायचं. दुसऱ्याने वर जाऊन बूट घालून चालायचं, खुर्ची ओढायची, जिन्यावरून धावत उतरायचं, फ्लश सोडायचा, मोबाइलवर गाणं लावायचं. मग जागा बदलून तेच पुन्हा करा. भिंत हवेतून येणारा आवाज किती अडवते ते एसटीसी या आकड्यात सांगतात. तो 35 असेल तर पलीकडचं मोठ्याने बोलणं ऐकू येतं, 50 च्या पुढे ते जवळपास थांबतं. पण पावलांचा धपधप आवाज स्लॅबमधून उतरतो, त्याला एसटीसीचा चांगला आकडा पुरत नाही. तिथं फरशीखाली रबराचा किंवा तत्सम थर आहे का, हे विचारायचं. दुपारी झोपणारे आजोबा आणि वर उड्या मारणारी नातवंडं यांच्यामधली शांतता याच थरावर अवलंबून असते.

टाऊनहाऊस असल्यामुळे शेजारच्या घराची भिंतही आपलीच आहे. तिला कान लावून बघायला संकोच करू नका.

मधलं दार

दोन घरांना जोडणारं दार असेल, तर सगळ्यांनी मिळून त्याच्यापुढे उभं राहा आणि बोला. कडी कुणाच्या बाजूला आहे? फक्त वरच्या बाजूला असेल, तर आई-वडील पाहुणे होतात. फक्त खालच्या बाजूला असेल, तर अडचणीच्या वेळी तुम्ही बाहेर अडकाल. दोन्हीकडे कडी आणि दोन्हीकडून उघडेल अशी किल्ली, ही व्यवस्था मला सगळ्यात रास्त वाटते. दार उघडतं कुठं, हेही तितकंच महत्त्वाचं. ते पॅसेजमध्ये उघडावं. सासूबाईंच्या बेडरूममध्ये थेट उघडत असेल तर प्रत्येक वेळी दार वाजवायचं की नाही हा प्रश्न पडतो, आणि त्यातून उगाच मनं दुखावतात. दार जाड, भरीव आणि आपोआप बंद होणारं आहे का ते बघा. आग लागली तर धूर रोखायला त्याचा उपयोग होतो, आणि एरवी आवाजही कमी येतो.

जोडणारं दारच नसेल, तर पावसाच्या रात्री बाहेरून फिरून जायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून चालून बघा.

खालचं घर जमिनीखाली असेल तर

अर्धं-मुर्धं तळघर असेल तर भिंतीच्या तळाशी टॉर्च धरा. पांढरी पावडर, फुगलेला रंग, पोपडे, नुकताच एकाच पट्ट्यात मारलेला ताजा रंग, कुबट वास, ही ओलीची चिन्हं आहेत. कपाटाच्या मागे आणि कोपऱ्यात हात लावून बघा. झोपायच्या खोलीला बाहेर पडता येईल एवढी मोठी, हत्याराशिवाय उघडणारी खिडकी हवी, आणि तिची चौकट वयस्कर माणसाला पाय टाकता येईल इतकी खाली हवी. बाथरूम बाहेरच्या ड्रेनेजच्या पातळीखाली असेल तर मैलापाणी पंपाने वर ढकलावं लागतं. तो पंप कुठं आहे, किती आवाज करतो आणि वीज गेली तर काय होतं, हे विचारा. लाइन तुंबली की पाणी सगळ्यात खालच्या नळीतून वर येतं, म्हणून उलटं येणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह आहे का, याची खात्री करा.

वीज, पाणी, हवा

खालच्या घराचा विजेचा बोर्ड खालीच असावा. एखादा एमसीबी पडला की वर फोन करावा लागला, तर ते घर नावापुरतंच स्वतंत्र. गरम-गार हवेचं नियंत्रणही वेगळं हवं. वयस्करांना थंडी जास्त वाजते, आणि एकाच थर्मोस्टॅटवरून घरात होणारी ओढाताण रोजची असते. धुराचे अलार्म दोन्ही घरांत एकमेकांना जोडलेले असावेत, म्हणजे एक वाजला की सगळे वाजतील. घराला लागून गॅरेज असेल किंवा गॅसवर चालणारी उपकरणं असतील, तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही हवाच. या वायूला वास नसतो.

मग वर जा

वरचं घर तुम्ही नेहमीसारखं बघालच. फक्त जिना त्यांच्या नजरेने बघा, कारण जेवायला, नातवंडांत बसायला ते वर येणार. पायऱ्यांची उंची सारखी आहे का, कठडा शेवटच्या पायरीपर्यंत जातो का? काही घरांत प्रत्येक मजल्यावर एकावर एक येतील अशी कपाटं ठेवलेली असतात, पुढे लिफ्ट बसवता यावी म्हणून. तशी असतील तर तो मोठा फायदा समजा.

कागद

खालचा भाग मंजूर नकाशात राहण्याचं स्वतंत्र घर म्हणून दाखवलेला आहे का, की गोदाम किंवा गॅरेज म्हणून? मंजुरी नसेल तर विमा, कर्ज आणि पुढची विक्री या तिन्ही ठिकाणी अडचण येऊ शकते. ते पुढे भाड्याने देता येईल का, वेगळा मीटर आहे का, पार्किंगच्या जागा किती, सामाईक भिंत आणि छताची दुरुस्ती कुणाकडे, हे लेखी विचारा. तोंडी उत्तरावर जाऊ नका.

परत निघाल्यावर तुमचं मत आधी सांगू नका. मुलगा-सून खूश दिसली की आई-वडील आपली नापसंती गिळतात. त्यांना दोघांना वेगवेगळं विचारा: तुम्हाला तिथं सकाळी उठल्यावर काय काय करावं लागेल, ते सांगा. ज्या ठिकाणी ते अडखळतील, ते मुद्दे लिहून घ्या आणि घर पसंतीच्या यादीत राहिलं तर दुसऱ्यांदा अंधार पडल्यावर जाऊन नेमके तेवढेच तपासा.