खडीच्या खाणीत पैसा घालण्याआधी

सातारा-सांगली पट्ट्यात माण, खटाव, जतकडे काळा पत्थर मुबलक दिसतो, पण दिसतो तेवढा विकाऊ नसतो. जागेवर आधी चार-पाच ठिकाणी बोअर मारून चुरा खोलीनुसार वेगळा ठेवा. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तांबडा मातकट पट्टा लागतो. तो खडीत मिसळला की माल परत येतो. पांढऱ्या ठिपक्यांचा, पोकळ्यांचा दगडही क्रशरमध्ये भुगा होतो. मुरूम जाड असेल तर तो उचलण्यातच नफा जातो.

मग सातबारा. इतर हक्कातल्या नोंदी, कूळ, बोजा, वाट, सगळं वाचा. वाटेचा वाद असलेली खाण स्वस्त मिळते, ती त्याच कारणाने.

परवानगीची साखळी लांब आहे: जिल्हा खनिकर्म शाखेकडे अर्ज, खाणकाम आराखडा, पर्यावरण मंजुरी, क्रशरसाठी प्रदूषण मंडळाची संमती. महाबळेश्वर-पाचगणी हा 2001 पासून पर्यावरण-संवेदनशील भाग; तिकडे वळूच नका.

खरा घोळ मोजणीत होतो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर. अखंड दगड फुटला की फुगतो: 1000 घनमीटर खड्ड्यातून साधारण 1400 घनमीटर सुटी खडी, म्हणजे पाचशेच्या आसपास ब्रास. खड्ड्याची मोजणी, वाहतूक पास आणि विक्रीची बिलं जुळली नाहीत, तर जादा उत्खनन धरून बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसू शकतो. दर महिन्याला खड्डा मोजून घ्या आणि ताळा त्याच आठवड्यात लावा.