नवा रुकी टिकेल का? फूटीतल्या पोरांची पारख करताना या चुका टाळा

नोव्हेंबरात एएफएलचा, म्हणजे फूटी अर्थात ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या लीगचा ड्राफ्ट (क्लब पाळीपाळीनं नवी पोरं निवडतात तो) झाला की मेलबर्नमधल्या ऑफिसांत, ट्रेनमध्ये आणि आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही एकच चर्चा सुरू होते: आपल्या क्लबनं घेतलेला पोरगा कसा आहे? उत्तरासाठी लोक दोन मिनिटांचा हायलाइट्सचा व्हिडिओ बघतात, कितव्या नंबरवर घेतला ते बघतात आणि निकाल देऊन मोकळे होतात. एमसीजी आपल्याला बॉक्सिंग डे टेस्टमुळे ओळखीचं. पण मार्च ते सप्टेंबर तिथे जो खेळ चालतो, त्यातल्या नवख्याची पारख करताना क्रिकेटची सवय फारशी उपयोगी पडत नाही. पोरगा किती भारी आहे, हे सगळेच विचारतात. मी आधी विचारतो, हा कोणाच्या जागी खेळणार? खालच्या बहुतेक चुका हा प्रश्न राहून गेल्यामुळे होतात.

चूक: ड्राफ्टचा नंबर म्हणजे पत्रिका समजणं

जेम्स हर्ड 1990 च्या ड्राफ्टमध्ये 79 व्या नंबरवर गेला आणि एसेंडनचा दिग्गज झाला. सॅम मिचेलला एका वर्षी कोणी घेतलंच नाही. पुढच्या वर्षी, 2001 मध्ये, हॉथॉर्ननं 36 व्या नंबरवर घेतला आणि 2008 ची प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद, त्याच्याच कप्तानीत जिंकली. लॅकी नील 2011 मध्ये 58 वा होता. आज त्याच्याकडे 2020 आणि 2023 अशी दोन ब्राउनलो पदकं (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळतात ती) आहेत. बुटका, फारसा वेगवान नाही, असल्या शेऱ्यांमुळे ही पोरं मागे पडतात.

यावरून "नंबरला काही अर्थ नाही" असं म्हणणारेही भेटतात. तेही चूकच. 2018 चा पहिला नंबर सॅम वॉल्श आपल्या पहिल्याच हंगामात, 2019 मध्ये, रायझिंग स्टार (वर्षातला सर्वोत्तम तरुण खेळाडू) ठरला. 2019 चा पहिला नंबर मॅट रॉवेल, त्यानं 2025 चं ब्राउनलो घेतलं. नंबरला अर्थ आहे, पण वेगळा. पोराच्या किती चुका पोटात घातल्या जातील, हे तो सांगतो. पहिल्या पाचातल्या पोराला क्लब तीन-चार वर्षं सहज सांभाळतो, कारण त्याला सोडणं म्हणजे आपलाच निर्णय चुकला हे कबूल करणं. साठाव्या नंबरच्या पोराला ती चैन नाही. म्हणून नंबर बघा, पण गुणवत्तेचं माप म्हणून नको, मिळणाऱ्या वेळेचं माप म्हणून.

चूक: रुकी लिस्टवरचा पोरगा आणि पहिल्या वर्षाचा पोरगा एकच धरणं

बोलताना आपण दोघांनाही रुकी म्हणतो, पण करार वेगळे असतात. क्लबची मुख्य यादी असते आणि तिच्या जोडीला थोड्या जागांची रुकी लिस्ट. मुख्य ड्राफ्ट आटोपल्यावर रुकी ड्राफ्ट होतो. तिथून आलेल्याला साधारणपणे एकाच वर्षाचा करार मिळतो, म्हणजे त्याची घटका लगेच भरायला लागते. 2019 पासून हंगामाच्या मध्यावरही रुकी ड्राफ्ट होतो.

या मागच्या दारानं आलेल्यांची नावं बघा: वेस्ट कोस्टचा डीन कॉक्स, सहा वेळा ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम संघात निवड. त्याच क्लबचा मॅट प्रिडिस, 2014 चा ब्राउनलो विजेता. कॉलिंगवुडला 2010 ची प्रीमियरशिप मिळवून देणारा कप्तान निक मॅक्सवेल. वेस्टर्न बुलडॉग्जचा डेल मॉरिस. ही यादी सांगून प्रत्येक रुकीबद्दल आशा लावणारे लोक असतात, त्यांना एकच आठवण द्यावी: जे दोन हंगामांत घरी गेले त्यांची नावं आपल्याला आठवत नाहीत, म्हणून ती या यादीत नाहीत.

तिसराही एक प्रकार आहे, कॅटेगरी बी. दुसऱ्या खेळातून किंवा दुसऱ्या देशातून आलेले. कॉलिंगवुडनं आणलेला मेसन कॉक्स अमेरिकेत कॉलेजात बास्केटबॉल खेळायचा, उंची 211 सेंटिमीटर. तो 2023 च्या विजेत्या संघात होता. आयर्लंडहून गेलिक फुटबॉल खेळणारी पोरंही अशीच येतात. त्यांच्या पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरून मत बनवण्यात काही हशील नाही. लंबगोल बॉल टप्पा पडल्यावर कुठे जाईल, हे त्यांना अजून कळत नसतं.

चूक: सगळ्यांना एकाच घड्याळानं मोजणं

ही सगळ्यात महागडी चूक, म्हणून इथे थोडं थांबू.

अठरा वर्षांचा पोरगा ड्राफ्ट होतो तेव्हा त्याचं अंग भरलेलं नसतं. छोटा फॉरवर्ड किंवा हाफ-बॅक असेल तर पहिल्याच वर्षी खेळू शकतो, कारण तिथे चपळाई आणि डोकं पुरतं. बॉल फेकला जातो त्या घोळक्यात घुसून तो बाहेर काढणाऱ्या मिडफिल्डरला समोरच्या तिशीतल्या गड्यांचे धक्के खावे लागतात, त्याला साधारण दोन वर्षं द्या. उंच फॉरवर्ड, उंच बचावपटू यांना तीन-चार. आणि रकमन, म्हणजे उडी मारून बॉल थोपटणारा सगळ्यात उंच गडी, याच्याबद्दल तर पाच वर्षांच्या आत तोंडच उघडू नये.

मॅक्स गॉन 2009 मध्ये 34 व्या नंबरवर मेलबर्नला आला. पहिली मॅच 2011 मध्ये. मध्ये गुडघ्याच्या दुखापतींनी वर्षं खाल्ली. पहिल्यांदा ऑल-ऑस्ट्रेलियन झाला तो 2016 मध्ये, आणि 2021 ची प्रीमियरशिप कप्तान म्हणून उचलली. 2012 मध्ये कोणी "हा काही कामाचा नाही" म्हटलं असतं तर त्यावेळच्या पुराव्यांवर ते खोटंही ठरलं नसतं. कार्लटनचा हॅरी मकाय 2015 मध्ये आला, पहिली मॅच 2017 मध्ये खेळला आणि 2021 मध्ये सर्वाधिक गोल करून कोलमन पदक घेऊन गेला.

घाई केली की काय होतं, याचं उदाहरण म्हणजे जॅक वॉट्स. 2008 चा पहिला नंबर. मेलबर्ननं त्याला 2009 च्या क्वीन्स बर्थडेच्या मॅचमध्ये, कॉलिंगवुडविरुद्ध, भरगच्च एमसीजीवर उतरवलं. पोरगा अजून बारावीत होता. कॉलिंगवुडच्या गड्यांनी त्याला घेरून जमिनीवर आपटला, आणि ते चित्र त्याच्या नावाला कायमचं चिकटलं. पुढे तो बरीच वर्षं नीट खेळला, पण लोकांनी त्याला नेहमी पहिल्या नंबरच्या अपेक्षेनंच मोजलं.

उलट बाजूही आहे. तेवीस-चोवीस वर्षांचा, व्हीएफएल, सॅनफल किंवा वॅफल या राज्यांच्या दुय्यम लीगमध्ये मोठ्या पुरुषांशी खेळून आलेला गडी असेल तर त्याला "वेळ देऊ या" म्हणण्यात अर्थ नाही. त्याला क्लबनं आजच्या गरजेसाठी आणलेलं असतं. टिम केली 2017 च्या ड्राफ्टमधून जिलाँगला आला आणि पुढच्याच हंगामात नियमित झाला. रिचमंडनं 2019 च्या मध्यावर मार्लियन पिकेटला घेतलं, वय 27. त्याची पहिलीच एएफएल मॅच म्हणजे त्या वर्षीची ग्रँड फायनल. 1952 नंतर असं पहिल्यांदाच घडत होतं. 22 डिस्पोझल (किक आणि हँडबॉल, म्हणजे मुठीनं दिलेला पास, मिळून), एक गोल आणि प्रीमियरशिपचं पदक. हा चमत्कार नव्हता. आदल्याच आठवड्यात व्हीएफएलच्या फायनलमध्ये तो सामनावीर ठरला होता.

आणखी एक बारीक गोष्ट: जन्मतारीख बघा. एकाच ड्राफ्टमध्ये जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला पोरगा शेजारी उभे असतात. त्या वयात अकरा महिने फार असतात.

चूक: डिस्पोझलच्या आकड्याला भुलणं

अंडर-18 च्या स्पर्धेत 30 डिस्पोझल म्हणजे शालेय क्रिकेटमधलं शतक. चांगलंच आहे, पण समोर कोण होतं ते आधी विचारा. शिवाय किक आणि हँडबॉल मिळून डिस्पोझल मोजतात, त्यात स्वस्त माल भरपूर असतो. मागच्या फळीत दोघांनी एकमेकांना बॉल दिला-घेतला की दोघांचाही आकडा फुगतो.

त्याऐवजी व्हीएफएलच्या एखाद्या मॅचला जा. तिथे कुंपणाला टेकून उभं राहता येतं. बॉल पलीकडच्या विंगवर असताना बॉलकडे बघू नका, तुमच्या पोराकडे बघा. चालतोय? कमरेवर हात आहेत? की बॉल निसटला तर कुठे येईल हे ताडून आधीच सरकतोय? मग तो टॅकल चुकला की काय करतो ते बघा. चुकल्यावर थांबणारा आणि चुकल्यावर उठून पुन्हा मागे लागणारा, यांच्यातला फरक कुठल्याही हायलाइट्समध्ये दिसत नाही. कोच लोक मात्र सोमवारी नेमकं तेच बघतात. शेवटी, चौथ्या क्वार्टरमध्ये त्याच्या किककडे लक्ष द्या. दमलेल्या पोराचा बॉल हातातून पायावर पडताना हलतो, तिरका पडतो आणि किक भरकटते. ताज्या पायांनी सगळेच बरी किक मारतात.

जाय न्यूकम 2021 च्या मध्यावर हॉथॉर्नमध्ये आला. पहिल्याच मॅचमध्ये त्यानं 14 टॅकल केले. पदार्पणात तेवढे टॅकल आधी कोणी केले नव्हते. डिस्पोझल मोजत बसलेल्यांच्या नजरेतून असा गडी निसटला असता.

ड्राफ्ट कंबाइनच्या चाचण्यांचंही असंच. 20 मीटर धाव, उभी उडी, 2 किलोमीटरची धाव. यातली शेवटची मी जास्त गंभीरपणे घेतो. 2021 पासून एका मॅचमध्ये संघाला 75 च बदल मिळू लागले, त्यामुळे दम नसलेला पोरगा लवकर उघडा पडतो. बाकीच्या चाचण्या टीव्हीवाल्यांना फार आवडतात.

चूक: रिकामी जागा न बघणं

आता सुरुवातीचा प्रश्न. क्लबची यादी उघडा आणि पोराच्या जागेवर आधी कोण आहे, वय काय, करार किती वर्षांचा, हे बघा. दोन पंचवीस वर्षांचे रकमन तब्येतीनं ठणठणीत असतील तर तिसरा कितीही गुणी असो, त्याची तीन वर्षं व्हीएफएलमध्ये जाणार. याउलट मागच्या फळीतले दोघं वयाची बत्तीस वर्षं ओलांडलेले असतील तर साधारण पोरालाही दहा मॅच मिळतील.

पण मिळालेल्या मॅचही नीट वाचा. गोल्ड कोस्ट 2011 मध्ये आणि ग्रेटर वेस्टर्न सिडनी 2012 मध्ये उतरले तेव्हा पोरांचेच संघ होते. दर आठवड्याला खेळायला मिळायचं, कारण दुसरं कोणी नव्हतं. तळाच्या संघातल्या पंधरा मॅच आणि विजेत्या संघातल्या पाच मॅच यांत मला पाच जड वाटतात. टास्मानियाचा नवा संघ 2028 मध्ये उतरायचं ठरलं आहे. त्यानं यादीतल्या जागा एकदम वाढतील, आणि पुन्हा हाच घोळ होईल.

चूक: घर विसरणं

पर्थचा पोरगा मेलबर्नला येतो तेव्हा तो अठराव्या वर्षी जवळपास साडेतीन तासांचं विमान करून घर सोडतो. जेसन हॉर्न-फ्रान्सिस 2021 चा पहिला नंबर. नॉर्थ मेलबर्नमध्ये एक हंगाम काढून दक्षिण ऑस्ट्रेलियात, पोर्ट अ‍ॅडलेडला परतला आणि तिथे रुळला. टॉम बॉयड 2013 चा पहिला नंबर, 2016 च्या ग्रँड फायनलमध्ये बुलडॉग्जसाठी तीन गोल, आणि 2019 मध्ये 23 व्या वर्षी निवृत्ती. मानसिक त्रासाबद्दल तो स्वतः उघडपणे बोलला आहे. अशा कारकिर्दीला यशस्वी की अयशस्वी असा शिक्का मारणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

गाडी अडली असेल तर

पोरगा सहा आठवडे व्हीएफएलमध्येच असेल तर तिथे तो कुठल्या जागेवर खेळतोय ते बघा. फॉरवर्डला मागच्या फळीत टाकलं असेल तर क्लब त्याला दुसरी वाट शोधून देतोय. हे बहुतेक वेळा चांगलं लक्षण असतं.

एक मॅच खेळवून लगेच वगळला, तर घाबरू नका. त्याच्या जागी कोण आला ते बघा. दुखापतीतून परतलेला अनुभवी गडी आला असेल तर ठीक. त्याच्याच वयाचा दुसरा पोरगा आला असेल तर मात्र काळजीचं.

पाठीच्या किंवा पायाच्या हाडाला ताणाची भेग पडली असेल, तर ते वर्ष हिशोबातूनच काढून टाका. वाढत्या अंगाच्या उंच पोरांना हे होतं.

करार संपायच्या बऱ्याच आधी वाढवला, तर बाकी सगळ्या चर्चेपेक्षा ते जास्त बोलकं. कोच पत्रकार परिषदेत "आम्ही त्याच्यावर खूश आहोत" म्हणतो, त्याला कवडीची किंमत नाही. सगळ्यांबद्दल तो तेच म्हणतो.

सुपरकोचसारख्या फँटसी खेळासाठी पोरगा निवडत असाल तर तो हिशोब निराळाच. तिथे स्वस्त किंमत आणि पुढच्या सहा आठवड्यांची जागा एवढंच बघायचं. फँटसीत पैसे करून देणारा पोरगा तीन वर्षांनी क्लबात असेलच असं नाही.

आणि हंगाम संपल्यावर यादीतून नाव काढलं अशी बातमी आली तर लगेच श्रद्धांजली वाहू नका. पुष्कळदा क्लब पोराला मुख्य यादीतून काढतो आणि काही दिवसांतच रुकी ड्राफ्टमधून पुन्हा घेतो, त्याला तसं आधी सांगूनच. ती बातमी नीट वाचा, "पुन्हा घेण्याचा विचार" असं कुठे लिहिलंय का ते शोधा. लिहिलं असेल तर त्याच्याकडे आणखी एक उन्हाळा आहे.